पाचवी गाठ

माझ्या आईची स्मरणशक्ती डोक्यात नव्हती, लुगड्याच्या पदरात होती. विरजण कोणाकडून आणायचं, डिंकाचे लाडू कोणाच्या सुनेला पाठवायचे, हे सगळं ती पदराच्या टोकाला गाठ मारून लक्षात ठेवी. काम झालं की गाठ सुटे. लुगडं बदललं की जुन्यावरच्या गाठी मोजून नव्यावर बांधी, मग जुनं धुवायला टाकी. वडील कचेरीत कारकून. घरात दौतटाकाला तोटा नव्हता. ते चिडवू लागले की म्हणे, "मले लिहिता येत नाही, पण बांधता येते ना!" माहेर मौद्याचं, बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. आम्ही तिला बाई म्हणत असू.

एकदा मी तिची एक गाठ गुपचूप सोडून टाकली. दुसऱ्या दिवशी मामा जेवायला हजर झाला आणि घरात नुसतं पिठलं. बाईनं पदर चाचपला, मामाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "उंदरानं कुरतडली वाटते," एवढंच म्हणाली. तो उंदीर त्या दिवशी दोनदा पिठलं मागून जेवला.

पुढे खरेच उंदीर पडू लागले. प्लेगच्या साली सीताबर्डीचं घर कुलूप लावून आम्ही कळमन्याकडे एका शेतात झोपडी बांधून राहिलो. शेजारी भाजीवाली सखू, कडेवर वर्षाचं पोर. शहरात ती आमच्या पायरीच्या वर कधी आली नव्हती. इथे दोन घरांत नुसता एक बांबूचा तट्ट्या होता.

मी पंधरा वर्षांचा होतो. हायस्कुलात एका मास्तरांनी माझ्या कोटीला हसण्याची चूक केली होती, तेव्हापासून मी कोणालाच सोडत नसे. अशात एका सकाळी दरोगासाहेब वही घेऊन दाराशी आले. त्यांच्या मागे ताडपत्रीचा छकडा उभा होता. त्या छकड्यातून माणसं प्लेगच्या इस्पितळात जाताना आम्ही पाहिली होती. परत येताना एकही पाहिलं नव्हतं.

"घरात कोणाला ताप? गाठ?"

बाई आत चुलीपाशी होती. वडील गावात गेले होते. मी म्हणालो, "ताप नाही. आईला गाठी आहेत. काल दोन होत्या, आज चार झाल्या."

आणि ते हसण्याची वाट पाहत उभा राहिलो.

दरोगा दोन पावलं मागे सरले. "गाडी इधर लगाव," वहीत नाव टिपत त्यांनी गाडीवानाला हाक दिली.

आसपासच्या झोपड्यांतून लोक बाहेर आले आणि लांबच थांबले. बाईही पिठाच्या हातांनी बाहेर आली. "साहेब, मी गंमत केली," मी कसंबसं म्हणालो. पदर, गाठी, विरजण असं काहीतरी पुटपुटलो.

"गंमत? आजारी माणूस लपवायचा आणि सापडला की गंमत! खोटं सांगितलं असशील तर तूही चल चावडीवर."

बाईनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग ती पुढे झाली. "लेकराचं काय घेऊन बसले, दरोगासाहेब? गाठी आहेतच ना. ह्या पाहा." तिनं पदर पुढे धरला आणि एकेक गाठ सोडत गेली. "ही विरजणाची. ही एकादशीची. ही ह्याच्या सदऱ्याच्या गुंडीची. आन् ही सखूच्या पोराच्या काजळाची."

"पदराचं राहू द्या. काख पाहावी लागेल. नर्सबाई आज नाहीत, तिकडे नेऊनच पाहू."

छकड्याचा बैल मान हलवत होता. बाई म्हणाली, "सखू, तू पाह्य वं."

कोणी हललं नाही. मी तिचा पोटचा मुलगा, मीही नाही. सखूनं कडेवरच्या पोराकडे पाहिलं. मग त्याला खाली मातीत ठेवलं, सरळ बाईपाशी आली आणि पदराखाली हात घातला. एक काख, दुसरी काख, मान. इतका वेळ लागला की बैलाच्या गळ्यातली घंटासुद्धा मला नकोशी झाली.

"काही नाही गा, दरोगा," सखू ओरडली. "गुदगुल्या होऊन राहिल्या बाईले!"

बाई खरोखरच हसत होती. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या.

दरोगांनी वहीतलं नाव खोडलं. छकडा पुढे गेला. बाईनं रिकामा पदर हातात घेतला आणि एक नवी गाठ करकचून मारली.

"ही कशाची?" मी विचारलं.

"तुह्या थोबाडीत मारायची. आता हात थरथरून राहिला माहा. थांबला का मारतो."

हात केव्हा थांबला कोण जाणे. थोबाडीत काही बसली नाही, पण गाठ राहिली. लुगड्यामागून लुगडी बदलली, ती गाठ नव्या पदरावर चढत गेली. नोकरीसाठी मी रायपूरला गेलो. तिथे कोटी सुचली की आधी मागे छकडा उभा नाही ना, हे पाहून घेई. त्यामुळे कचेरीत मी गंभीर माणूस गणला गेलो. सुटीत घरी येऊन पायांवर डोकं ठेवताना नजर आधी पदराकडे जाई.

"अजून आहे?"

"आहे तं. मी काय इसरली?"

तार मिळून मी पोचलो, तेव्हा सगळं संपलं होतं. तिला ओसरीवर निजवलं होतं. उशाशी सखू, केस पांढरे झालेली. "सकाळी म्याच लुगडं बदललं," ती म्हणाली. "तिचा हात उठत नव्हता. तरी पयले गाठ मारून घेतली माह्याकडून. आता सोड बापू. गाठ घेऊन जाऊ नाही माणसानं."

सखूची गाठ, भाजीचं गाठोडं बांधणारीची. लवकर सुटेना. सुटली तेव्हा मी, चाळिशी उलटलेला माणूस, गाल पुढे करून तसाच वाकून राहिलो होतो. सखूनं खांद्याला धरून उठवलं.

पुढे तेरा दिवस येणारा-जाणारा हळहळत होता, "शेवटची गाठ पडली नाही रे तुमची!" इतकी आयती कोटी जन्मात हाती आली नव्हती. मी आपला मान खाली घालून "नाही पडली" म्हणत राहिलो.