आठ इंचांची कट्यार

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि तिला माझ्या पगारापासून पचनापर्यंत सगळं माहीत असतं, म्हणजे बघा.

आधी थोडं माझ्याबद्दल. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील मार्केट यार्डात हमाली करायचे. मी एलएलबी झालो तेव्हा त्यांनी यार्डभर पेढे वाटले, ज्याच्याशी बोलणं बंद होतं त्यालाही दोन दिले. त्या पदवीचा मला अभिमान आहे. अबुधाबीजवळच्या मुसफ्फा औद्योगिक वसाहतीत एका फॅब्रिकेशन कंपनीत मी काँट्रॅक्ट्स बघतो, कोर्टात कधी उभा राहिलो नाही. तरी अबुधाबीतली आपली मंडळी मला वकीलसाहेब म्हणतात. व्हिसा, घरभाडं, काहीही अडलं की विचारा साहेबांना. मला ते आवडतं — का आवडू नये?

तर, माझ्या मित्राच्या, संजयच्या घरचं कार्य. त्याचा मुलगा ओंकार इथंच वाढलेला, लग्नही इथंच हॉल घेऊन. नवरदेव म्हटला की हातात कट्यार हवी, टोकाला लिंबू खोचलेली. हळद लागल्यापासून अक्षता पडेपर्यंत ती सोडायची नाही. संजयच्या बायकोचे भाऊ विष्णूमामा घरातली जुनी कट्यार घेऊन कराडहून येणार होते. पिठाची गिरणी चालवणारा माणूस, शिक्षण सातवी. पण सावध. आधी मला व्हिडिओ कॉल केला.

"साहेब, तिकडं चालतंय ना हे? नाहीतर सुताराकडनं लाकडाची करून आणतो."

मला माहीत नव्हतं. इथला शस्त्रांचा कायदा मी उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. 'बघून सांगतो' — एवढं म्हणायला काय लागतं? पण ते तोंडातून निघेना. त्याऐवजी कॉलेजात पाठ केलेला आपल्याकडचा नियम आठवला, नऊ इंचांपेक्षा लांब पातं असेल तर लायसन. म्हटलं, पातं मोजा. मामांनी पट्टी आणून मोजलं. आठ भरलं.

"मग ते शस्त्रच नाही मामा. बिनधास्त आणा. फक्त हातातल्या बॅगेत नको."

भारताची पट्टी मी अमिरातीत लावली. नंतर वाचलं तेव्हा कळलं, इथं शस्त्र म्हणजे काय ते इथला कायदा ठरवतो, धारेच्या वस्तूही त्यात येऊ शकतात, आणि असलं काही बाहेरून आणायचं तर आधी विचारायचं असतं. शोभेची आहे, लग्नाची आहे, हे आपण ठरवून चालत नाही.

एवढंच असतं तर मी हे केव्हाच हसत सांगितलं असतं. चूक कोणाची होत नाही? पण थांबा.

मामांना विमानतळावर अडवलं. संध्याकाळी हळद, आणि आम्ही सकाळपासून बाहेर उभे — मी, संजय, त्याची बायको सुनीतावहिनी आणि तिच्याकडचे पाच-सहाजण. वहिनींचा चेहरा उतरलेला. मामाशिवाय लग्न कसं लागणार? मी हातात फाइल घेऊन इकडून तिकडे फिरत होतो. फाइलीत काहीच नव्हतं. शेवटी मामा आले. कट्यार ठेवून घेतली होती, त्यांना नीट चौकशी करून सोडलं होतं. दार उघडून ते बाहेर येत होते, नेमकं तेव्हाच वहिनी माझ्याकडे वळल्या.

"काय हो, तुम्ही दादाला आधी सांगितलं नव्हतं का?"

आणि मी म्हणालो — "सांगितलं होतं वहिनी. ऐकलं नाही त्यांनी."

मामा तीन पावलांवर होते. त्यांनी ऐकलं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि ट्रॉली ढकलत म्हणाले, "व्हय, माझंच चुकलं. साहेब बोलले होते."

मी काय केलं? ट्रॉली धरली.

हळद मात्र अशी झाली की विचारू नका. कट्यार नाही म्हणून नवरदेवाच्या हातात लाटणं दिलं, लिंबू दोऱ्यानं बांधलं. ओंकार म्हणाला, "मॉम, धिस इज सो मच सेफर," आणि नवरी म्हणाली, लग्नानंतर ते माझ्याकडे द्या. मामांनी आधी लाटण्याला हळद लावली, मग ओंकारला, मग मला — कानामागेसुद्धा. बँजो नव्हता, तर स्पीकरवर गाणी लावून मामा असे नाचले की हॉलचा मलबारी मॅनेजर कामं सोडून टाळ्या वाजवत उभा राहिला. इतका आनंद मी माझ्या लग्नातही पाहिला नव्हता. मीही नाचलो. खोटं कशाला सांगू, मनापासून नाचलो.

पण त्या दिवसापासून मामा थट्टेचा विषय झाले. कुठलंही कार्य असो, समोर असोत की व्हिडिओ कॉलवर, मामा दिसले की कोणीतरी म्हणतंच, "मामा, बॅग उघडा बघू," नाहीतर, "साहेब सांगत होते, पण अडाण्याला कोण समजावणार?" मामा सगळ्यांत मोठ्यानं हसतात. मीही हसलेलो आहे. एकदा तर तो किस्सा मीच सांगितला, सगळ्यांना हसवून — विश्वास बसतो का? माझ्या वडिलांना कोणी अडाणी म्हटलं असतं तर मी त्याची गचांडी धरली असती.

गेल्या आठवड्यात मामांचा फोन आला. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलंय. कट्यारीचा विषय त्यांनी काढला नाही, कधीच काढलेला नाही. म्हणाले, "साहेब, पुढच्या खुर्चीवर तुम्ही पायजे. पाव्हण्यांना दाखवायचंय, आमच्यात वकील हाय म्हणून." मी हो म्हणालो. तिकिटं काढली. बायकोनं पैठणी बाहेर काढून ठेवलीय.

मी त्या खुर्चीवर बसणार आहे. मामांनी मला विचारलं होतं, मोजून दाखवलं होतं, लाकडाची आणतो म्हणाले होते. खरीच आणा, बिनधास्त आणा, असं मीच म्हणालो होतो.