चांगल्या पायगुणाची बाई बँकॉकच्या फुलबाजारात

पितृपक्षात आमच्याकडे कोणी नवी चप्पलसुद्धा विकत घेत नाही, आणि मी चक्क विमानात बसायला निघाले होते. इलाज नव्हता. गणपती झाले होते, दसऱ्याला अवकाश होता, बाजार थंड होता. फूल पिकवणाऱ्या माणसाला घराबाहेर पडता येईल असे वर्षातले तेवढेच दिवस. ही गोष्ट दोन हजार दोन सालची. नाशिकच्या आसपासचे आम्ही अकरा फूलवाले बँकॉकचा फुलबाजार बघायला चाललो होतो, आणि अकरांत बाई मी एकटी.

खरं तर जायचे होते आमचे हे. पासपोर्टचा अर्ज दोघांनी केला होता. पण चौकशीला माणूस आला तेव्हा हे चांदवडला पाहुण्यांकडे, आणि तो दुसऱ्यांदा आला तेव्हा सिन्नरला रोपं आणायला गेलेले. मी दोन्ही वेळा घरातच होते, त्या माणसाला चहासुद्धा मीच दिला. माझा पासपोर्ट आला, यांचा राहिला. मखमलाबादच्या आमच्या मळ्यात जो तो म्हणाला, "सुनंदाचं नशीबच मोठं."

हे वाक्य मला नवं नव्हतं. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी आमच्या विहिरीला पाणी लागलं. तेव्हापासून मी चांगल्या पायगुणाची सून. ट्रॅक्टर आणला, पहिल्यांदा सुनंदाला बसवा. गुलाबाची लागवड आहे, पहिली काडी सुनंदाच्या हातून. शेजारच्या मळ्यातले लोक बोअर घेताना मला बोलावून न्यायचे आणि उन्हात उभं करायचे. कौतुक कुणाला नको असतं? मलाही गोड वाटायचं. पण त्यातली गोम पुढे कळली. मी बांधलेले गजरे सकाळी नऊच्या आत संपले, तर ते माझ्या नशिबानं संपले. झेंडूवरचा रोग मी सगळ्यांच्या आधी ओळखला, तर तेही नशीब. अक्कल आणि मेहनत बाकीच्यांची, माझं आपलं नशीब.

निघताना मनात एक गोष्ट सलत होती. नाशकात, गावातल्या फुलबाजारात, आम्हाला एक गाळा भाड्यानं मिळाला होता. दसऱ्याला तो उघडायचा होता. तिथे माझे धाकटे दीर विलासभाऊ बसणार, हे ठरल्यातच जमा होतं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सांगून टाकलं होतं, "भवानी सुनंदाच्या हातून करू. तिचा पाय लागू दे गाळ्याला. मंग विलास बसंल." भवानी म्हणजे पहिली विक्री. तेवढी करून मी रिक्षानं घरी यायचं. आणि मला तर तिथे रोज बसायचं होतं. माझे हार, माझं गिऱ्हाईक. हे मी कुणाला बोलले नव्हते. यांनासुद्धा नाही. मलाच वाटायचं, बाई गं, नशीब सोडलं तर तुझ्याकडे आहे काय?

विमानाचं कौतुक सांगत बसत नाही, आता सगळेच बसतात. एवढंच सांगते की आमच्या दहा पुरुषांनी मिळून इतका चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती, की विमानात लसणाचा वास सुटला. आमचे म्होरके रोपवाटिकावाले मोरे सर. इंग्रजी त्यांना एकट्यालाच येत होतं, म्हणून सगळ्यांचे पासपोर्ट त्यांनी स्वतःच्या पिशवीत ठेवले आणि ती पिशवी चार दिवस गळ्यातून काढली नाही.

बँकॉक मला पहिल्या तासातच आवडलं. उकाडा मरणाचा, पण प्रत्येक इमारतीसमोर खांबावर एक छोटंसं देऊळ (ते म्हणे त्या जागेच्या देवाचं घर) आणि प्रत्येक देवळाला ताजी माळ. रिक्षाच्या आरशाला माळ, होडीच्या नाकाला माळ, चहाच्या टपरीलाही माळ. मी मनात म्हटलं, या गावात माझ्यासारखीला मरण नाही. जेवणाची मात्र पंचाईत झाली. भाजीतसुद्धा माशाचं पाणी घालतात. मी दोन दिवस खाओ नियाव मामुआंग (चिकट भात, वर नारळाचं दूध आणि आंब्याच्या फोडी) यावर काढले. पितृपक्षात आंबा मिळाला म्हणून माझी काही तक्रार नव्हती.

दुसऱ्या दिवशी एका देवळात गेलो. तिथे सियाम सी (काड्यांचा कौल) घेतात. डब्यात आकडे लिहिलेल्या काड्या असतात, गुडघे टेकून डबा हलवायचा, जी काडी बाहेर पडेल त्या आकड्याचा कागद घ्यायचा. मी हलवला. मोरे सरांनी कागद तिथल्या पोरीकडून वाचून घेतला आणि म्हणाले, "उत्तम आहे."

"वहिनींना दुसरं काय येणार," एकजण म्हणाला. मग दुसरा म्हणाला, "वहिनी, माझ्यासाठी पण तुम्हीच हलवा ना." झालं. दहाच्या दहा पुरुष ओळीनं उभे राहिले आणि मी परदेशात, परक्या देवापुढे, प्रत्येकाच्या नावानं डबा हलवत बसले. दंड भरून आला. हसू येत होतं आणि आतून रडूही. इथे समुद्रापलीकडे येऊनही मी यांचा पायगुणच राहिले.

तिसऱ्या दिवशी फुलबाजार. पाक क्लोंग नावाचा भाग, नदीच्या काठाला. आमचा नाशिकचा बाजार त्याच्या एका बोळात मावला असता. मोगऱ्याच्या कळ्या बर्फावर ठेवलेल्या, झेंडू पिशव्यांत, गुलाब कागदात गुंडाळलेले. सगळे भावाची चौकशी करत पुढे सरकत होते. मी एका दुकानापाशी थबकले, कारण टोपलीत चक्क रुईची फुलं होती. आमच्याकडे बांधावर फुकट उगवते, शनिवारी मारुतीला जाते, बाकी कोणी हुंगत नाही. इथे तिला म्हणे दोक राक (प्रेमाचं फूल) म्हणतात आणि लग्नाच्या माळेत घालतात. चार-पाच बाया खाली बसून हातभर लांबीच्या सुईत फुलं ओवत होत्या. मी बघत राहिले. किती वेळ, देव जाणे. मान वर केली तर आमच्यातलं कोणीही दिसेना.

पाचावर धारण बसली. या टोकाला गेले, त्या टोकाला गेले. सगळीकडे फुलं आणि अनोळखी चेहरे. हॉटेलचं नाव आठवेना, आठवलं असतं तरी मला नीट उच्चारता आलं नसतं. पासपोर्ट मोरे सरांच्या गळ्यात. शेवटी हरवलं त्याच जागी थांबावं, ही जत्रेतली शिकवण आठवली आणि मी पुन्हा त्या दुकानापाशी आले.

दुकानातल्या म्हाताऱ्या बाईनं माझा चेहरा पाहिला असावा. तिनं पाण्याचा पेला दिला आणि स्टुलाकडे बोट दाखवलं. तिला सगळ्या पा नोई म्हणत होत्या (पा म्हणजे आईबापांहून थोरली मावशी किंवा आत्या). रिकामं बसणं मला जमत नाही. समोर कळ्यांचा ढीग, बाजूला दोऱ्याचं रीळ. मी खुणेनं विचारलं, बांधू का? ती हसली. मी खाली बसले, चप्पल काढली, आणि लहानपणापासून जसं करते तसं केलं: दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवला, ताणला आणि कळ्यांची पहिली जोडी गाठीत घेतली.

पा नोई एकदम उठली. तिनं माझ्या हातातून दोरा ओढून घेतला, कळ्या कचऱ्याच्या टोपलीत टाकल्या. "माय दाई, माय दाई (चालणार नाही)," ती म्हणाली. बाकीच्या बायांचे हात थांबले. तिनं आधी माझ्या अंगठ्याकडे बोट दाखवलं, मग कोपऱ्यातल्या बुद्धाच्या मूर्तीकडे, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही माळ देवाची. आणि मी ती पायाला बांधली होती.

लाज वाटली, फार वाटली. आणि नवलही. पुस्तकाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो, केरसुणीलासुद्धा पाय लावत नाही. मग देवीचा गजरा अंगठ्याला अडकवून बांधताना मला, माझ्या आईला, बाजारातल्या कुणालाच कधी काही कसं वाटलं नाही?  मी दोन्ही कान धरले. त्यांच्याकडे अशी पद्धत नसावी, कारण सगळ्या हसायला लागल्या. मग मी नळावर हात धुतले, दोरा टेबलाच्या दांडीला बांधला आणि पुन्हा बसले.

त्यांची माळ सुईनं ओवलेली, देखणी, पण दोरा तुटला की सगळी फुलं खाली. आपला गजरा गाठींचा. दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, वर फास. वीतभर झाल्यावर पा नोईनं तो उचलला आणि जोरात झटकला. एक कळी पडली नाही. तिनं मधेच कात्रीनं दोरा कापला. दोन तुकडे झाले, कळी तरीही पडली नाही. मग तिनं कळ्यांची अख्खी टोपली माझ्यापुढे सरकवली. दुसऱ्या दिवशी त्यांचा कसलासा सण होता आणि ऑर्डरी तुंबल्या होत्या, एवढं न सांगता कळत होतं.

मग आम्ही बांधत राहिलो. एकीला गाठ शिकवली, एकीनं मला सुई धरायला शिकवलं. एकमेकींची भाषा कुणालाच येत नव्हती, पण फुलवाल्या बायांना बोलायला लागतंच किती? इतक्यात मला आठवलं, सकाळी खोलीची किल्ली काउंटरवर द्यायची राहिली होती. ती माझ्या पर्समध्ये होती, पितळी बिल्ल्यासकट, आणि बिल्ल्यावर हॉटेलचं नाव होतं. म्हणजे मी कधीही जाऊ शकत होते. आता खरं सांगते, मी लगेच उठले नाही. तिकडे मोरे सरांचा जीव जात असेल, हे कळत होतं. तरी टोपली संपेपर्यंत बसले. त्या दुकानात माझी विहीर कुणाला ठाऊक नव्हती. मला असं बसून किती वर्षं झाली होती, आठवेना.

दुपार उतरल्यावर एक कपड्याचा व्यापारी माळ घ्यायला आला. मूळचा गोरखपूरकडचा, जवळच त्याचं दुकान. माझी साडी बघून हिंदीत बोलू लागला. पा नोई त्याला काहीतरी लांबलचक सांगत होती.

"क्या कहती हैं?" मी विचारलं.

"कहती हैं, ये हाथ कम से कम बीस साल का है। पूछ रही हैं, वहाँ आपकी दुकान कहाँ है?"

  नशीब, पायगुण, लक्ष्मी, यातलं काहीच तिनं म्हटलं नव्हतं. हाताचं वय सांगितलं होतं, तेही दहा वर्षं कमीच. मी त्याला म्हटलं, "उनको बोलिए, दुकान दशहरे को खुलेगी।" बोलून गेले आणि माझी मीच दचकले.

त्या भल्या माणसानं मला तुकतुक (तिथली तीनचाकी रिक्षा) करून दिली. निघताना पा नोईनं वाई (हात जोडून नमस्कार) केला. वयानं मोठ्या माणसानं आधी केला म्हणून मी आणखी खाली वाकले.

मोरे सर हॉटेलच्या पायरीवर बसले होते, चेहरा उतरलेला. "वहिनी, पाच तास झाले. तुमच्या यजमानांना काय तोंड दाखवणार होतो मी?" म्हणाले. मी मनापासून माफी मागितली, चूक माझीच होती. किल्लीचं कळल्यावर बाकीचे म्हणाले, "बघा, वहिनींचं नशीब. किल्ली विसरल्या म्हणून सापडल्या." किल्ली नशिबानं होती, हे मी कबूल करते. पण त्या दुकानात मला पाच तास ठेवून घेतलं ते काही किल्लीनं नाही. तेव्हा मात्र मी गप्प बसले, कारण त्यांच्याशी बोलायचं नव्हतंच. बोलायचं होतं ते घरी.

घरी येऊनही आठ दिवस तोंड उघडलं नाही. किती वेळा शब्द ओठांवर आले आणि चहात विरघळले. दसरा उजाडला. गाळ्याला तोरण लावलं, झेंडूच्या राशी लागल्या, आत्याबाईंनी नारळ फोडला. पहिलं गिऱ्हाईक आलं, मी हार दिला, भवानी झाली.

"चला वहिनी, रिक्षा थांबलीय," विलासभाऊ म्हणाले.

मी उठले नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाचा हार बांधायला घेतला. हे माझ्याकडे बघत राहिले. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "आगं, झालं की तुझं काम. पाय लागला ना."

"आत्याबाई, पाय लागला, पण मला हार बांधता येतात," मी म्हटलं. "तीस वर्षं बांधतेय. मी बसणार आहे इथं. रोज."

आवाज थोडा चढला असेल. शेजारच्या गाळ्यातल्यांनी वळून पाहिलं. विलासभाऊंनी मान खाजवली आणि म्हणाले, "मला काय, मी टेम्पो चालवीन. मला तेच बरंय." त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

  आत्याबाई पदर खोचून माझ्याशेजारी खाली बसल्या, झेंडूची रास पुढ्यात ओढली आणि मोठी फुलं एकीकडे, बारकी एकीकडे करायला लागल्या.

"मी आले तवा दोन म्हशी येल्या हुत्या," त्या खालमानेनंच म्हणाल्या. "मलाबी लक्ष्मीच म्हनायचे. पर बस म्हून कुनी म्हनलं नाय."

मी थोडी सरकून त्यांना जागा केली.