कौलारू घराचं चित्र

लेकीला घेऊन बाहेर पडायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून मी तिला तेच तेच समजावत बसते. ती सात वर्षांची, स्वमग्न. पुढे काय होणार हे कळलं नाही की कान दाबून ओरडते, स्वतःच्या हाताला चावते. धुळ्याला अशा मुलांना शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्या म्हणाल्या, "सांगू नका, दाखवा. दिवसभरात जे होणार त्याची चित्रं काढा, ओळीने."

माझी शाळा सातवीत सुटलेली. तरी लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यांवर काढली: बस, बाई, केळं, पुन्हा बस, रिक्षा, घर. दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात घातली. एक काम झालं की ते चित्र उलटं करायचं.

जळगावहून जाताना ती चक्क शांत. कंडक्टरभाऊंनी तिकीट फाडता फाडता चित्रं पाहिली आणि अहिराणीत विचारलं, "बस शे, केळं शे, मी कोठे शे?" धुळ्याच्या बाईंनी स्वतःचं चित्र बघून चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

जळगावला परतलो, भर दुपारी रिक्षा दारात थांबली. लेकीने रिक्षाचं चित्र उलटं केलं, घराचं समोर धरलं, वर पाहिलं आणि उन्हात उभीच राहिली.

"हे नाही."

मी कुलूप काढलं, दार उघडलं, तिची उशी आणून दाखवली.

"हे नाही." हात तोंडाकडे जायला लागला.

घरमालकीण अक्का ओट्यावर शेंगा सोलत होत्या. खोली घेऊन दोनच महिने झालेले, आणि मागच्या वेळी लेक रडली तेव्हा सगळी गल्ली गोळा झाली होती. आता खोली गेलीच, असं मी धरून चालले. अक्कांनी येऊन चित्र हातात घेतलं.

"हाई घर कोनं शे वं माय?"

"आपलंच, अक्का."

"मन्हा घरवर कौलं कवय चढनात?"

बघते तर खरंच, चित्रात कौलं. उतरतं छप्पर, मागे माड, बाजूला डोंगर. "हे तर कोकणातलं माझं माहेर," मी म्हटलं. घर काढायचं म्हटलं की माझा हात तेवढंच काढतो. इथे सपाट स्लॅब.

"पोरगी बरोबर शे, तुन्हंच चुकनं," अक्का म्हणाल्या. "आते लई जाशी का तिले कोकनमा?"

त्यांनीच पेन आणि पुठ्ठा आणून दिला. मी ओट्यावर बसून काढायला लागले, त्या वरून सांगायला लागल्या. "टाकी काढ. नवी शे."

शेजारीण डोकावली. "एवढी मोठी कुठे आहे तुमची टाकी?"

"तू तुन्हं घर देख."

लेक चावायचं विसरून पेनाच्या टोकाकडे बघत होती. टाकी काळी झाल्यावर तिने पुठ्ठा घेतला. वर पाहिलं, चित्रात पाहिलं, परत वर पाहिलं. मग तरातरा आत गेली आणि दार लावून कडी घातली.

मी दार वाजवलं. कडी निघेना. आम्ही दोघी बाहेर.

अक्कांनी कपाळावरचा घाम पुसला. "दार बंद काढं व्हतं का तू?"

बंदच काढलं होतं. उघडं दार मला जमत नाही.

"मंग आते शिक," म्हणत त्यांनी दुसरा पुठ्ठा दिला. मी वाकडंतिकडं उघडं दार काढलं, दारात मी, शेजारी अक्का, आणि फटीतून आत सरकवलं. अक्का माझ्यावर पदर धरून उभ्या होत्या, लहान मुलाला उन्हात धरतात तसा.

थोड्या वेळाने आतून कडी निघाली.