तोंड पूर्वेला

चर्चच्या दफनभूमीत बत्तीस वर्षं कबरी खणणाऱ्या माणसाला सगळे मामाच म्हणत. मामांच्या हातची कबर ओळखू यायची. कडा सुरीने कापल्यासारख्या, तळ सपाट. पेटी खांद्याशी रुंद आणि पायाशी निमुळती, म्हणून कबरही तशीच, चहूबाजूंनी चार बोटं मोकळी. पाचवं बोट म्हणजे आळस, असं मामा म्हणत. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. शेवटच्या दिवशी प्रभू पूर्वेकडून येणार, तर उठणाऱ्याचं तोंड त्याच्याकडे हवं.

मामी दुपारी डबा घेऊन यायची आणि मातीच्या ढिगावर बसायची.

"इथे एवढं नीट करता. घरातलं कपाट दोन वर्षं वाकडं उभं आहे."

"कपाटात कुणाला निजायचंय?" मामा खड्ड्यातूनच म्हणत.

मग मामीने अंथरूण धरलं. एका संध्याकाळी तिने विचारलं, "अहो, खरंच उठवतो का हो तो?"

मामांनी तिची उशी सारखी केली. "मी काय पाळक आहे? झोप आता."

चौथ्या दिवशी ती गेली. तिला उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

खणायला दुसरा माणूस आणू, असं मेहुणा म्हणाला. मामांनी ऐकलं नाही. उजाडताच कुदळ उचलली आणि अकराला तळ साफ केला. मेहुणा पाणी घेऊन आला आणि काठावरच घुटमळला.

"दाजी, रुंद बाजू पूर्वेला आलीय."

मामांनी डोक्यावरच्या उन्हाकडे पाहिलं, मग कबरीकडे. बत्तीस वर्षांत असं झालं नव्हतं. पेटी उलटी, डोकं पूर्वेला करून ठेवली तरच बसणार होती, आणि दफन चारला.

पाळकसाहेब धावत आले. "मामा, राहू द्या. देवाला दिशा लागत नाही. तो कशीही उठवेल."

"त्याला लागत नसेल. हिने उठल्याउठल्या त्याच्याकडे पाठ करायची का?" मामांनी पहार रोवली. "उठायचंच नसतं तर कुठलीही दिशा चालली असती, साहेब. मग मी बत्तीस वर्षं माती उगाच मोजली?"

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. हेच तिला सांगायचं होतं. सांगायला ती नव्हती. डोळे पुसायला हात मातीचे होते, म्हणून ते तसेच खणू लागले.

मेहुणा खाली उतरला. पाळकसाहेबांनी झगा काढून फावडं घेतलं.

"बायबलासारखं छातीशी नका धरू," मामा म्हणाले. "खालचा हात पुढे घ्या."

साडेतीनला पश्चिमेची बाजू रुंद झाली. पूर्वेची मात्र आता हातभर मोकळी राहिली. भरून ठोकायला वेळ नव्हता.

एरवी दफन होईपर्यंत मामा लांब, भिंतीशी फावड्यावर रेलून आमेनची वाट बघत. त्या दिवशी ते डोक्याशी उभे राहिले आणि प्रार्थनेतला शब्द न् शब्द ऐकला. माती स्वतःच लोटली, हळू.

आता मामा निवृत्त आहेत. त्यांच्या हातची तेवढी एकच कबर सैल. मेहुणा अजून चिडवतो. मामा म्हणतात, "असू दे. तिला पाय पसरून निजायची सवय होती."