बनियनांच्या मागचं झबलं

आमच्या दुकानात सगळ्यात जास्त वेळा येऊन सगळ्यात कमी खरेदी करण्याचा मान कुणाला द्यायचा झाला, तर तो दाभोशाच्या बघणाऱ्या आजीलाच द्यावा लागेल. हे नाव आम्ही दुकानातल्या मुलींनी पाडलेलं. "काय दाखवू आजी?" असं विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं. "काय नको गं बाय, नुसती बघतेय." आणि ती खरंच बघायची, परतीची जीप भरेपर्यंत.

आता मी मोखाड्याला असते, पण लग्नाआधी जव्हारच्या त्या दुमजली स्वस्त कपड्यांच्या दुकानात लहान मुलांचा विभाग माझ्याकडे होता. दिवाळीचा सेल लागला की गावोगावच्या जीपा दुकानासमोरच रिकाम्या व्हायच्या. आजी पहिल्यांदा आली ती दाराशी चपला काढून. एवढं चकचकीत फरशीचं दुकान, आत चपला कशा न्यायच्या? तिच्या मागून आलेल्या बायकांनीही काढल्या. बघता बघता दाराशी देवळाबाहेर असतो तसा ढीग झाला आणि शेवटी नाशिकहून आलेल्या आमच्या मॅनेजर सरांना "चपला घालूनच आत यावे" अशी पाटी लावावी लागली. आजीला वाचता येत नव्हतं. तिच्या चपला शेवटपर्यंत बाहेरच राहिल्या.

ती वरच्या मजल्यापासून सुरुवात करायची. चादर हातात चुरगाळून बघायची, कुकरचं झाकण लावून बघायची, साड्यांचा पदर नाकाशी धरायची. भाव मात्र प्रत्येक वस्तूचा करायची. भिंतीवर 'एकच भाव' असं हातभर अक्षरांत लिहिलेलं, तरी ती कमी करायला सांगायचीच. एकदा मी वैतागून म्हटलं, "आजी, घ्यायचं नाही तर भाव कशाला करतेस?"

"भाव केला नाय तं बघितलं कसं म्हणायचं?" ती म्हणाली. 

सगळ्यात शेवटी ती माझ्या विभागात यायची आणि तिथं तिचं बोलणं बंद व्हायचं. एके दिवशी शेजारच्या पुरुषांच्या बनियनांचा गठ्ठा नीट लावताना मला मागे एक झबलं सापडलं. पिवळं, त्यावर बदकं, सगळ्यात लहान मापाचं. मी ते जागेवर नेऊन ठेवलं. पुढच्या आठवडी बाजाराच्या दिवशी ते पुन्हा बनियनांच्या मागे. तेव्हा मी पाळत ठेवली आणि आजीला रंगेहाथ पकडलं. झबलं पदराखाली धरून ती निघाली होती, दाराकडे नव्हे, बनियनांकडे.

"आजी, हे काय चाललंय?"

ती चोरी पकडल्यासारखी उभी राहिली. मग माझा हात धरून खाली बसली आणि हळू आवाजात बोलली. तिची सून पोटुशी होती. आधी दोनदा दिवस गेले होते. पहिलं पोटातच गेलं. दुसरं जन्मलं, पण पाचवी पुजायच्या आधीच गेलं. "त्या खेपेला मीच हौसेनं आधी अंगडी टोपडी आणलेली. मीच." तिनं झबल्याची घडी मोडली, पुन्हा घातली. "आता पोर हातात येऊन पाचवी होईस्तोवर कायबी घ्यायचं नाय. पण हे कुणी नेलं तं? म्हणून ठेवते."

"मी घेऊन ठेवू का? माझ्याकडे राहील."

"नको नको! तू घेतलंस तरी घेतलंच ना? दुकानाचंच राहू दे."

मग तिनं झबल्यावर हाताची वीत ठेवली. वीत आणि वर चार बोटं. "बरोबर बसंल. आमचेकडं पोर इतलंच येतं," ती म्हणाली, अगदी सहज, जणू हे जगात सगळीकडे असंच असतं.

त्या दिवसापासून आम्ही दोघी त्या कटात सामील झालो. बनियनांकडे गिऱ्हाईक वळलं की माझा जीव वरखाली व्हायचा. धनत्रयोदशीच्या गर्दीत एका बाईनं ते झबलं नेमकं उपसून काढलं आणि तिला ते फारच आवडलं. "त्याला डाग आहे हो, धुऊन जात नाही," असं मी बेधडक ठोकून दिलं. डाग कुठाय म्हणून तिनं ते उजेडात धरायच्या आत मी तिच्या हातात गुलाबी झबलं दिलंसुद्धा. पुढच्या बाजारी आजीला हे सांगितलं तर ती तोंडाला पदर लावून इतकी हसली की वॉचमन बघायला आला.

दिवाळी सरली. नंतरच्या बाजाराला आजी आली नाही. त्याच्या पुढच्या बाजारालाही नाही. सूनबाईचे दिवस भरत आले होते, हे मला माहीत होतं. दाभोशाहून येणारी जीप थांबली की मी उतरणारी माणसं न्याहाळायची. कुणाला विचारायची हिंमत होत नव्हती. मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू?

त्यातच सेलचा उरलेला माल परत गोदामात पाठवायचं ठरलं. खोकी भरायला लागली. विकत घ्यायचं नाही आणि जाऊ द्यायचं नाही, तर करायचं काय? दारातल्या काचेत मुलीचा एक पुतळा उभा होता. पुतळ्याच्या अंगावरचे कपडे काढत नसत. मी ते झबलं त्या पुतळीच्या हातात अडकवून दिलं. मॅनेजर सर आले. "हे काय?"

"ती लहान भावंडाचे कपडे घेऊन निघाली आहे, सर. सजावट."

सर म्हणाले, "बरंय. राहू दे."

आणि एका सकाळी, दुकान उघडून झाडलोट चालू असताना, काचेपाशी आजी दिसली. पुतळीच्या हाताकडे टक लावून बघत होती. मी धावत बाहेर गेले. तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना.

"आजी?"

"पाचवी झाली," ती म्हणाली. "पोरगी हाय."

मी तिला मिठीच मारली. तिच्या अंगाला धुराचा वास येत होता. मग मी तिला आत आणलं आणि पुतळीच्या हातातून झबलं काढून तिच्यापुढे धरलं. आजीनं त्यावर वीत ठेवली, वर चार बोटं ठेवली आणि मान हलवली.

"हे बसत नाय."

"का गं?"

"मोठी हाय!" ती ओरडलीच. "दवाखान्याच्या आशाताईनं काट्यावर ठेवली, पुरी तीन किलो! हात बग कशे..." तिनं माझं मनगट धरून दाखवलं. हसत होती आणि डोळे पुसत होती.

आम्ही दोघींनी मिळून मोठ्या मापाचं झबलं शोधलं, हिरवं. तिनं त्याचा भाव केला. मॅनेजर सरांनी दुकानाच्या इतिहासात पहिल्यांदा कमी केला. ती बाहेर गेली, चपला घातल्या, दोन पावलं जाऊन परत दाराशी आली आणि माझ्या हातातल्या पिवळ्या झबल्याकडे बोट करून सरांना म्हणाली, "साहेब, हे माप आता आणू नका. आमचेकडं लागायचं नाय."