मालकांचा ससा आणि गवतवाल्या मावशी

आज मी या कामावर टिकून आहे ती गवतवाल्या मावशींमुळं. वडगाव निंबाळकरला मालकांच्या गोठ्यावर त्या रोज गवताचा भारा टाकायच्या. प्रत्येक पेंढी आधी नाकाशी न्यायच्या आणि चालता चालताच बोलायच्या, कुणासाठी थांबायच्या नाहीत.

मालकांच्या लेकीचा ससा मी सांभाळत होते. मालकांचा हुकूम होता, गाईंना देतो तेच त्याला द्यायचं, गोळीपेंड आणि लसूणघास. ससा सुस्तावला, लेंड्या पातळ झाल्या. मालक म्हणाले, "त्याला काय झालं, तर तू तुझ्या गावची, हिंगोलीची गाडी धरायची." आठवीत शाळा सुटलेली मी, सांगितली तीच पेंड त्याच्यापुढं ठेवत राहिले.

त्या दिवशी मावशी थांबल्या. मालकांच्या देखत त्यांनी सशापुढची पेंड उचलून गाईपुढं ओतली.

"ह्याचं दूध काढायचंय व्हय, आप्पा? ह्याला दिसभर वाळलं गवत पायजे, वर मूठभर पाला. बास!"

"तू डॉक्टर हाईस का?"

"न्हाय. पर माज्याकडं तीन ससं हायती, तिन्ही ठणठणीत."

मालकांनी सशाची पेंड बंद केली, आणि तोंडावर बोलल्या म्हणून मावशींचा भाराही. आठवड्यात ससा उड्या मारू लागला.

मावशींचे गुडघे थकतील तेव्हा त्यांच्या सशांचं गवत मी कापून आणीन. मालकांना न विचारता.