घालून दाखव

सहाव्या वर्गात इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर 'आय वाँट' लिहिलं आणि पुढची जागा रिकामी सोडली. एकेकानं उभं राहून ती भरायची होती. कुणाला सायकल हवी होती, कुणाला बॅट. माझी पाळी आली. मी घरून पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं, "आय वाँट अ न्यू फ्रॉक."

वाक्य बरोबर होतं. पण पहिल्या बाकावरून पाटलांची मुलगी म्हणाली, "सर, तिच्या अंगातला माहाच फ्रॉक हाय. परवाच तं देल्ला आईनं."

वर्ग हसला. सरही हसले. "परवाच भेटला ना? अजून किती पाह्यजे तुम्हाले? बस खाली."

उभी मी एकटी होते. पण त्या 'तुम्हाले'मध्ये आमची अख्खी वस्ती होती. मी खाली बसले.

माय पाटलांच्या शेतात कापूस वेचायची. मारेगावपासून जवळच आमचं गाव. वेचणी संपली की पाटलीणबाई घरातल्या जुन्या कपड्यांचं गाठोडं द्यायच्या. त्याआधी चांगली बटणं काढून घ्यायच्या. माय तिथं सेफ्टी पिना लावायची. गाठोडं मिळालं की दुसऱ्या दिवशी ते कपडे अंगात घालून त्यांच्या अंगणात जायचं. घालून दाखवायचं. ही रीत होती.

"फिर बरं," पाटलीणबाई ओसरीवरून म्हणायच्या. "मांगच्या बाजूनं दाव. पाह्य, कशी बसली! आमच्या पोरीले दोन वर्षं पुरला, तुले चार पुरन."

मी फिरायचे. माय हात जोडून म्हणायची, "लय झाक दिसते, बाई."

वर्गात काय झालं ते त्या संध्याकाळी मायला सांगितलं. ती भाकर थापत होती. थांबली नाही. "इंग्रजीत कायले मांगतं वं? त्यायले समजते ना इंग्रजी. मांगाचं असन तं घरात मांग, मराठीत."

आम्ही दोघी हसलो. मग मायनं भाकर तव्यावर टाकली. मी घरातही पुन्हा काही मागितलं नाही.

पुढे शिकले. पुसदला शाळेत इंग्रजी शिकवू लागले. त्या 'वाँट' शब्दाचे अर्थ मोठ्या कोशात पाहिले. जुना अर्थ उणीव असणं. मग गरज. मग इच्छा. पोलीस शोधत असलेल्या माणसालाही तोच शब्द, 'वाँटेड'. वाचताना वाटलं, उणीव मायची होती, इच्छा करायची मुभा पाटलांच्या मुलीला, आणि पकडली गेले मी.

गावी जायच्या आधी फोनवर विचारायचे, माय, काय आणू? उत्तर ठरलेलं. "मले काही नोको."

एकदाच तिनं मागितलं. मागच्या पावसाळ्यात अंथरुणाला खिळली तेव्हा. माझं मनगट धरून म्हणाली, "मी मेली की मले नवी साडी नेसवजो. पांढरी. कोणाच्या अंगाले न लागलेली."

दुसऱ्याच दिवशी घेतली. किनार नसलेली, पांढरीशुभ्र.

माय हिवाळ्यात गेली. पुसदहून पोचायला दुपार झाली. साडी माझ्या पिशवीत होती. अंगणात आले तर मायला आंघोळ घालून, नेसवून ठेवलेलं. अंगावर जांभळी साडी. पदराला जुनी घडी पडलेली, काठ विरलेला. मी ओळखली. पाटलीणबाईंच्या सुनेची.

काकाला बाजूला घेतलं. म्हटलं, काका, मी आणली आहे, बदलू.

काका कुजबुजला, "आता कायले बदलतं, बाई? स्वतःच्या हातानं आणून देल्ली त्यायनं. त्या उभ्या हायेत ना अंगणात. पाहून राह्यल्या."

मी वळून पाहिलं. पाटलीणबाई खरंच पाहत होत्या. साडी कशी बसली ते.

माय शेवटचं घालून दाखवत होती.

माझ्याकडे पदवी होती, नोकरी होती, दोन भाषा होत्या. एकही शब्द निघाला नाही. पिशवी छातीशी धरून सरणापर्यंत चालले. जांभळी साडी मायबरोबर जळाली. पांढरी माझ्या हातात राहिली.

सातव्या दिवशी मायच्या नावानं बुद्धवंदना, पुण्यानुमोदन होतं. पाहुणे गेले आणि पाटलांची मुलगी आली. तीच, पहिल्या बाकावरची. आता लेकरांची आई. हातात गाठोडं.

"तुह्या पोरीसाठी. माह्या पोरीचे हायेत, चांगले हायेत. उद्या घालून आणजो तिले. आई पाह्यतो म्हणते."

माझी मुलगी दारात उभी होती. सहावीत आहे.

"नाही पाहिजे," मी म्हटलं.

"काहून? राग आला का?"

"नाही पाहिजे. उद्या नाही, कधीच नाही. आईला सांग, आमच्या घरचं कोणी आता घालून दाखवणार नाही."

तिनं गाठोडं ओट्यावर ठेवलं. मी ते उचलून परत तिच्या हातात दिलं. काका मागून "अवं, अवं" करत राहिला. ती गेली.

सात दिवस उशीर झाला होता.

पांढरी साडी माझ्या कपाटात आहे. घडी मोडलेली नाही. मुलगी विचारते, ही कोणाची? मी सांगते, आजीची. तिनं आयुष्यात एकच गोष्ट मागितली आणि मी भिऊन दिली नाही. पुढच्या वर्षी विचारलं तरी हेच सांगेन. ही साडी मी कुणाला देणार नाही, नेसणार नाही. मुलीसमोर आमच्यापैकी कुणाला मान खाली घालू देणार नाही. सगळ्यात आधी मला स्वतःला.